रानातल्या सापांच्या आतड्यांतले जिवाणू: जातीजातींची तुलना कशी करावी

दिवडाच्या नमुन्यात सिटोबॅक्टेरियम हा जिवाणू भरभरून निघाला आणि धामणीत तो औषधालाही सापडला नाही, की दोन जातींच्या पोटातला फरक हाती लागला असं चटकन वाटतं. पण सिटोबॅक्टेरियम हा गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी, आणि दिवड मासे खातो. मग नमुन्यात आलेला जिवाणू सापाचा, की सापाने कालपरवा गिळलेल्या माशाचा? कुठल्या सापात कुठला जिवाणू किती, या आकड्यांचा तक्ता कितीही मोठा असला तरी तो एकटा याचं उत्तर देत नाही. उंदीर खाणाऱ्या सापात म्युरिबॅक्युलेसी कुळ दिसलं तरी हाच पेच पडतो, कारण ते कुळ उंदरांच्या आतड्यात ठाण मांडून असतं.

सापांच्या बाबतीत हा गुंता जरा जास्तच आहे, कारण साप रोज खात नाही. आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो आणि मग एकदम मोठा घास गिळतो. बर्मी अजगरात घास गिळल्यावर दोनेक दिवसांत लहान आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं. याच अजगराच्या आतड्यातल्या जिवाणूंवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. उपाशीपोटी बॅक्टेरॉइडीट्स या संघाचं (जिवाणूंच्या एका मोठ्या गटाचं) वर्चस्व आणि पचन सुरू झालं की क्लॉस्ट्रिडियम, लॅक्टोबॅसिलस अशा फर्मिक्युट्स संघातल्या जिवाणूंची सरशी, असं चित्र त्यात दिसलं. एकाच सापात काही दिवसांत एवढी उलथापालथ होते. तेव्हा जेवलेली घोणस आणि उपाशी नाग यांची तुलना करणं म्हणजे जेवणाचा फरक जातीच्या नावावर खपवणं.

जेवणाखेरीज आणखी तीन गोष्टी जातीच्या फरकाचं सोंग घेतात: साप जिथे सापडला ती जागा, नमुना शरीराच्या नेमक्या कुठल्या भागातून घेतला ते, आणि प्रयोगशाळेत तो कुठल्या तुकडीबरोबर तपासला गेला ते. या चौघांचा बंदोबस्त पहिला साप पकडण्याआधीच करावा लागतो. नंतर संख्याशास्त्र फारशी मदत करत नाही.

तुलना कागदावर आधी

"मिळतील ते साप" घेऊन सुरुवात करू नका. जाती अशा निवडा की आहार आणि नातं एकमेकांत अडकून राहणार नाहीत. उदाहरणार्थ घोणस, फुरसं, धामण आणि हरणटोळ. घोणस आणि फुरसं दोन्ही एकाच कुळातली, पण घोणशीचा मुख्य भर उंदीर-घुशींवर, तर फुरसं विंचू, गोम, बेडूक, पाली असं बरंच काही खातं. धामण आणि हरणटोळ दुसऱ्या कुळातले. त्यात धामण मुख्यतः उंदरांवर असते आणि हरणटोळ सरडे-बेडकांवर. आता घोणस धामणीशी जुळली तर आहाराचा जोर आहे आणि फुरशाशी जुळली तर नात्याचा, असं निदान विचारता तरी येतं. विभागणी काटेकोर नाही (फुरसंही संधी मिळाली तर उंदराचं पिल्लू सोडत नाही), पण चार मिळतील त्या जातींपेक्षा ही चौकट कितीतरी बरी.

मण्यार निवडताना मात्र दोनदा विचार करा. ती इतर साप खाते. तिच्या नमुन्यात दुसऱ्या सापाचे जिवाणू आणि दुसऱ्या सापाचा डीएनए दोन्ही येऊ शकतात. नवख्या गटाने पहिल्या वर्षी तिला बाजूला ठेवलेलं चांगलं.

जागेचं गणितही इथेच मांडा. सगळे नाग शेताच्या बांधावरचे आणि सगळी फुरशी खडकाळ माळावरची असतील, तर "जात" आणि "जागा" हे दोन शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जातील. निदान दोन ठिकाणं अशी हवीत जिथे प्रत्येक जात सापडते. ते जमत नसेल तर जातींची संख्या कमी करा, ठिकाणांची नको. ऋतूही एकच धरा. पावसाळ्यात पकडलेली एक जात आणि कडक उन्हाळ्यातली दुसरी, असं करू नका. साप थंड रक्ताचा असल्यामुळे बाहेरचं तापमान थेट आतड्यापर्यंत पोचतं.

प्रत्येक जातीचे किती साप? तीन-तीन सापांवर तुलना होते असा समज अजूनही दिसतो, म्हणून हिशेब करून बघा. सहा सापांचे तीन-तीनचे दोन गट पाडायच्या १० वेगळ्या रीती आहेत. म्हणजे अदलाबदलीवर (सापांची गटनावं फिरवून बघण्यावर) आधारलेल्या कुठल्याही चाचणीत पी-मूल्य (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता) ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही, मग फरक कितीही ढळढळीत असो. चार-चार साप असतील तर रीती ३५, म्हणजे किमान ०.०२९. पाच-पाचला १२६, म्हणजे ०.००८. हा झाला गणिताचा तळ. प्रत्यक्षात जेवण, लिंग, ठिकाण यांची फारकत करायची तर जातीमागे १० ते १५ प्रौढ साप धरा. पिल्लांचा आहार प्रौढांपेक्षा वेगळा असतो, त्यांना यात मिसळू नका. गाभण माद्यांना हात न लावलेलाच बरा.

परवाने सर्वांत वेळखाऊ. वन्यजीव कायद्याखालची परवानगी आणि प्राणी-नीतिसमितीची मंजुरी हातात येईपर्यंत स्वॅबची (नमुना घ्यायच्या बोळ्याच्या काड्यांची) ऑर्डरसुद्धा देऊ नका. नमुने देशाबाहेर जाणार असतील तर नागोया करार लागू पडतो (जैविक संसाधनं आणि त्यांच्या लाभाच्या वाटणीबद्दलचा; स्वीकारला २०१० मध्ये, अमलात आला २०१४ मध्ये), आणि जात सायटीसच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत असेल तर त्याचे कागद वेगळे.

सामान

स्वॅब नायलॉनच्या लवदार टोकाचा घ्या, काडी प्लास्टिकची आणि मोडायची खूण असलेली. लाकडी काडीचा कापसाचा स्वॅब स्वस्त पडतो, पण लाकडातून उतरणारी द्रव्यं पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवायच्या प्रक्रियेत) अडथळा आणू शकतात. टोकाचे दोन आकार हवेत: नेहमीचा आणि बारीक. हरणटोळासारख्या सडपातळ सापाला नेहमीचं टोक जबरदस्तीने घालणं म्हणजे इजा.

२ मिलीच्या, स्क्रूच्या झाकणाच्या नळ्यांत १ मिली परिरक्षक (नमुना टिकवणारं द्रावण) प्रयोगशाळेतच भरून न्या. रानात बाटलीतून भरत बसलात तर दर नळीगणिक दूषणाला निमंत्रण मिळतं. परिरक्षक कुठला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ९५ टक्के इथेनॉल चालतं, डीएनए/आरएनए शील्डसारखं तयार द्रावण चालतं, थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकणं सर्वांत उत्तम. ७० टक्के इथेनॉल मात्र नको. त्यात खोलीच्या तापमानाला नमुन्याचं चित्र बदलत जातं. आणि एकदा जे निवडलं ते शेवटच्या सापापर्यंत. निम्मे नमुने इथेनॉलमध्ये आणि निम्मे बर्फात, असं झालं की तुलना साठवणीची होते. आरएनएलेटर हे परिरक्षक वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, ते इतकं दाट असतं की जिवाणू तळाला बसत नाहीत. त्यात तेवढंच थंड पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) घालून मग सेंट्रिफ्यूज करा.

इथेनॉलचा एक थेंब सांडला की मार्करची शाई धुऊन निघते, तेव्हा नळीवर क्रमांक लिहा आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या पिशवीतही टाका. बिनक्रमांकाची नळी म्हणजे फेकायची नळी.

बाकी: साप पकडायचा हुक, पारदर्शक नळ्यांचा संच, स्वच्छ कापडी पिशव्या (प्रत्येक सापाला नवी), नायट्राइल हातमोजे, निर्जंतुक सलाइनच्या एकदाच वापरायच्या कुप्या, तागडी, टेप, आणि ब्लीच. सर्वसाधारण ५ टक्के हायपोक्लोराइटचं घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग. हे द्रावण रोज ताजं करा. हुक, नळ्या आणि टेप त्यात १० मिनिटं ठेवून मग पाण्याने धुवा. नुसत्या इथेनॉलने पुसून भागत नाही. त्याने जिवाणू मरतात पण त्यांचा डीएनए जागच्या जागी राहतो, आणि आपण मोजणार आहोत तो डीएनएच. ब्लीच डीएनएही तोडतं. शिवाय एका सापावरची बुरशी दुसऱ्याला लागू नये यासाठीही ते हवंच.

साप हातात आल्यावर

विषारी साप धरणारा माणूस वेगळा आणि स्वॅब घेणारा वेगळा. धरणाऱ्याला या कामाचं प्रशिक्षण आणि सराव हवाच. सर्पदंशावरचा उपचार कुठे मिळतो आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे निघण्याआधी सर्वांना माहीत असायला हवं. सापाला हुकाने नळीत सरकवा. नळीचा आतला व्यास सापाच्या जाड भागापेक्षा किंचितच मोठा हवा, म्हणजे त्याला आत वळून मागे येता येत नाही. पुढचा तिसरा हिस्सा आत गेला की नळीची कड आणि साप एकाच मुठीत धरा.

आता लगेच स्वॅब. वजन, लांबी, फोटो सगळं नंतर. हाताळला की साप बऱ्याचदा शिटतो किंवा शेपटीच्या मुळाशी असलेल्या गंधग्रंथींतून उग्र वासाचा स्राव सोडतो आणि नमुना खराब होतो.

सापाला उताणं न करता शेपटीकडचा भाग किंचित वळवा. पोटावरच्या रुंद खवल्यांची रांग जिथे संपते तिथे आडवा गुदखवला दिसतो. त्याखाली अवस्कराचं (विष्ठा, मूत्र आणि जनन यांच्या सामायिक कप्प्याचं) तोंड असतं. बाहेरचे खवले आधी सलाइनच्या स्वच्छ गॉजने, मग ७० टक्के इथेनॉलच्या गॉजने पुसा आणि इथेनॉल उडून जाऊ द्या. ओलं राहिलं तर आत झोंबतं. गुदखवला बोटाने हलकेच वर उचला. स्वॅबचं टोक सलाइनने ओलं करा आणि डोक्याच्या दिशेने, पोटाला समांतर आत सरकवा. शेपटीच्या दिशेने कधीच नाही. त्या बाजूला नराच्या लिंगांच्या पिशव्या आणि गंधग्रंथी असतात. तिथून आलेला नमुना आतड्याचा नसतो आणि सापाला इजा होते ती वेगळीच. साठ सेंटीमीटरच्या सापात एखादा सेंटीमीटर, दीड मीटरच्या धामणीत दोन-तीन सेंटीमीटर. अडथळा जाणवला की थांबा. हलक्या हाताने पाच ते दहा वेळा गोल फिरवा, साधारण दहा सेकंद, आणि कडांना न लावता बाहेर काढा. टोकावर फिकट तपकिरी लेप दिसला तर उत्तम. पांढरी खडूसारखी भुकटी आली तर ते युरेट आहे, म्हणजे सापाची लघवी. त्यात जिवाणूंचा डीएनए थोडा आणि पीसीआर अडवणारी द्रव्यं बरीच. दुसरा स्वॅब घ्या आणि तशी नोंद करा. रक्त दिसलं तर काम तिथेच थांबवून साप सोडून द्या.

नळीच्या काठावर काडी मोडा, झाकण लावा, वेळ लिहा. पकडल्यापासून स्वॅबपर्यंत एक तासापेक्षा जास्त लागला असेल तर तेही लिहा. पिशवीत रात्रभर ठेवलेल्या सापाचा नमुना आणि जागीच घेतलेला नमुना एका रांगेत बसत नाहीत.

अवस्करात आतडं, मूत्रवाहिन्या आणि जननमार्ग तिन्ही येऊन मिळतात, तेव्हा अवस्कराचा स्वॅब हा आतड्याचा हुबेहूब आरसा नव्हे. त्यात पाठच्या आतड्याचं प्रतिबिंब पडतं, जठराचं आणि लहान आतड्याचं अंधुकच. सगळ्या जातींत नमुन्याची जागा एकच राहिली तर तुलना ग्राह्य, पण लिहिताना "अवस्करातले जिवाणू" असंच लिहा. साप आपणहून शिटला तर विष्ठा घ्या, पण वेगळ्या नळीत, वेगळा प्रकार म्हणून. तपकिरी भागाचा आतला गाभा निर्जंतुक चमच्याने घ्या. पांढरा भाग आणि जमिनीला टेकलेला थर सोडून द्या. काही सापांची विष्ठा आणि काहींचा स्वॅब एकत्र करून संख्या वाढवायचा मोह होतो. त्याने संख्या वाढते, अर्थ घटतो.

रस्त्यावर मेलेल्या सापातून आतड्याचे सर्व भाग मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. पण मेल्यावर आतड्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात आणि भिंत ओलांडून पसरतात. पोट फुगलेलं, रंग हिरवट, वास सुटलेला असेल तर तो नमुना राहिलेला नाही. कधी मेला ते माहीत नसलेला साप तुलनेत घेऊ नका.

आता मोजमाप. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत लांबी, शेपटी वेगळी, वजन, लिंग कळत असेल तर. डोळे दुधाळ दिसत असतील तर कात टाकायच्या बेतात आहे, ते लिहा. आणि जेवणाचा गुण, ज्याच्याशिवाय पुढचं सगळं पोकळ आहे: पोटावरून अंगठा मागे सरकवत जा. काहीच लागलं नाही तर ०. मधल्या भागात घट्ट गोळा लागला तर १. मागच्या तिसऱ्या हिश्श्यात मऊ ऐवज लागला तर २. गोळ्यावर दाब देऊ नका, साप घास ओकून टाकतो. विषारी सापात हे काम धरणाऱ्यानेच करावं, आणि जमत नसेल तर "माहीत नाही" असं लिहावं. अंदाजाने ० लिहू नये.

प्रत्येक ठिकाणी आणखी तीन प्रकारच्या नळ्या भरायच्या. एक कोरी: पाकिटातून स्वॅब काढा, त्याच सलाइनने ओला करा, दहा सेकंद हवेत धरा, नळीत टाका, दर दहा सापांमागे किंवा दर दिवसामागे एक. दुसरी जिथे साप होता तिथल्या मातीची किंवा पाण्याची. तिसरी भक्ष्याची: त्याच परिसरातल्या उंदरांच्या लेंड्या, माशाचं आतडं, बेडकाचा अवस्कर-स्वॅब. या तिसऱ्या नळीचा बहुतेकांना विसर पडतो. सिटोबॅक्टेरियमचा प्रश्न सुटतो तो मात्र इथेच.

साप जिथून उचलला तिथेच सोडा. हातमोजे प्रत्येक सापागणिक बदला आणि शेवटी हात साबणाने धुवा. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला सर्रास असतो.

प्रयोगशाळेतली तुकडी

नमुने ज्या क्रमाने आले त्या क्रमाने त्यांतला डीएनए काढायला घेणं सोयीचं, आणि घातक. पहिल्या आठवड्यात नाग मिळाले म्हणून पहिल्या तुकडीत सगळे नाग, असं झालं की डीएनए काढायच्या किटच्या त्या खोक्यातलं दूषण "नागाचे जिवाणू" म्हणून छापून येतं. सर्व नमुने गोळा झाल्यावर चिठ्ठ्या टाकून क्रम लावा आणि प्रत्येक तुकडीत प्रत्येक जात येईल असं बघा. ९६ खोबणींच्या प्लेटची आमची पसंतीची वाटणी अशी: ८४ नमुने, रानातले ४ कोरे स्वॅब, डीएनए काढतानाच्या ४ कोऱ्या नळ्या, पीसीआरच्या २ कोऱ्या आणि ठरावीक जिवाणूंच्या तयार मिश्रणाचे २ नमुने. कोऱ्या नळ्या प्लेटभर विखरून ठेवा, कोपऱ्यात गोळा करू नका. शेजारच्या खोबणीतून होणारी गळती तेव्हाच दिसते.

इथेनॉलमधला नमुना आधी व्हर्टेक्सवर जोरात हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोराने) १० मिनिटं फिरवा, वरचा द्रव काढा आणि नळी उघडी ठेवून इथेनॉल पूर्ण उडू द्या. राहिलेलं इथेनॉल पुढे पीसीआर बंद पाडतं. मग गाळ आणि स्वॅबचं टोक दोन्ही मण्यांच्या नळीत टाका. पॉवरसॉइल प्रोसारखा मण्यांनी पेशी फोडणारा किट वापरा. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंच्या जाड भिंती नुसत्या विकरांनी नीट फुटत नाहीत. फोडणी पुरेशी झाली की नाही ते तयार मिश्रण सांगतं. झायमोबायोमिक्सच्या मिश्रणात ८ जिवाणू आणि २ यीस्ट असतात. त्यातले लिस्टेरिया, बॅसिलस, स्टॅफिलोकॉकस अपेक्षेपेक्षा खूप कमी आणि ई. कोलाय, साल्मोनेला, स्यूडोमोनास जास्त निघाले, तर मणी कमी वेळ हलवले आहेत. मग सापांतल्या फर्मिक्युट्सचे आकडेही तितकेच खोटे.

स्वॅबमधून डीएनए थोडाच मिळतो, आणि त्यातला बराचसा सापाचा स्वतःचा. क्युबिटचा (एकूण डीएनए मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा बघून "भरपूर आहे" म्हणू नका. जिवाणूंचा हिस्सा कळायला १६एस या जिवाणूंच्या ओळखीच्या जनुकाचा क्यूपीसीआर (प्रती मोजणारा पीसीआर) करावा.

पीसीआरसाठी १६एस जनुकाचा व्ही४ भाग घ्या: प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) ५१५एफ आणि ८०६आर, दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या. २५ मायक्रोलिटरमध्ये १२.५ मास्टर मिक्स, १० मायक्रोमोलरचा प्रत्येकी ०.५ प्रायमर, २ डीएनए, ९.५ पाणी. ९४ अंशावर ३ मिनिटं. मग ९४ अंशावर ४५ सेकंद, ५० अंशावर ६० सेकंद, ७२ अंशावर ९० सेकंद. शेवटी ७२ अंशावर १० मिनिटं. फेऱ्या ३०. काही नमुने उमटत नाहीत म्हणून फक्त त्यांना ३५ फेऱ्या देऊ नका. द्यायच्या तर सगळ्यांना, कोऱ्या नळ्यांनाही. नमुना उमटत नसेल तर पहिला संशय अडथळ्यावर घ्या, आणि डीएनए दहापट पातळ करून बघा. पातळ केल्यावर जेलवर पट्टा उमटला तर युरेट किंवा इथेनॉल नडत होतं. पट्टा सुमारे २९० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) हवा, प्रायमरला शेपटी जोडली असेल तर तितका लांब. दुसराच पट्टा ठळक दिसत असेल तर प्रायमर सापाच्या डीएनएवर चिकटत आहेत; तो नमुना जेलमधून योग्य पट्टा कापून वाचवता येतो.

सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) दोन्ही टोकांकडून २५० बेसचं. प्रत्येक नमुन्याला दोन्ही बाजूंचे स्वतंत्र निर्देशांक (ओळखखुणेचे डीएनए-तुकडे) द्या, नाहीतर एका नमुन्याची वाचनं दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. व्ही४ साठी गाळून उरलेली २०,००० वाचनं बहुधा पुरतात.

तक्ता साफ करणं

कटअडॅप्ट या संगणकीय साधनाने प्रायमर छाटा. वाचनांतल्या चुका गाळणाऱ्या डाडा२ मध्ये पुढचं वाचन २२० आणि मागचं १६० बेसवर कापलं तरी सुमारे २५३ बेसच्या तुकड्यावर शंभरावर बेसचा, दोन्ही वाचनांना सामायिक भाग उरतो, जोडायला तो भरपूर आहे. २५० ते २५६ बेसबाहेरचे क्रम काढून टाका. त्यात बहुतेक सापाचा किंवा भक्ष्याचा डीएनए असतो. सिल्व्हा या १६एस क्रमांच्या संग्रहाच्या १३८ व्या आवृत्तीशी नावं जुळवा आणि मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट आणि जिवाणू-पातळीलाही न ओळखलेले क्रम वगळा. मांसाहारी सापात क्लोरोप्लास्ट कुठून, असा प्रश्न पडेल. उंदराने खाल्लेलं गवत उंदरासकट गिळलं जातं. वगळण्याआधी त्याची टक्केवारी मात्र लिहून ठेवा, नुकत्याच जेवणाचा तो आयता पुरावा आहे आणि हाताने दिलेल्या जेवणाच्या गुणाशी पडताळता येतो.

नावांबद्दल एक सूचना. २०२१ मध्ये संघांची औपचारिक नावं बदलली: फर्मिक्युट्सचं बॅसिलोटा, प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनॅडोटा, बॅक्टेरॉइडीट्सचं बॅक्टेरॉइडोटा. जुन्या अभ्यासाशी तुलना करताना एकाच संघाला दोन मानू नका.

दूषण ओळखण्यासाठी डिकंटॅम हे साधन वापरा, कोऱ्या नळ्यांतल्या आढळावर आधारलेली पद्धत, उंबरठा ०.५. त्याने काढलेली यादी डोळ्यांखालून घाला. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम दिसले तर ते किटचे जुने सोबती, खुशाल काढा. पण बॅक्टेरॉइड्स एकाच कोऱ्या नळीत मूठभर वाचनांत दिसला आणि शेजारच्या खोबणीत तोच हजारोंनी असेल, तर ती गळती आहे. तो सगळ्या सापांतून काढलात तर खरा जिवाणू गमावलात. कोऱ्या नळीत ८०० वाचनं आली असतील तर १,००० वाचनांच्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका, कितीही दुर्मीळ सापाचा असला तरी.

तुलना

एका सापात किती प्रकार आहेत यासाठी शॅनन आणि फेथचा निर्देशांक, दोन साप एकमेकांपासून किती दूर यासाठी ब्रे-कर्टिस आणि दोन्ही युनिफ्रॅक (जिवाणूंचं आपसातलं नातंही धरणारी मापं; भारित रूप प्रमाणही धरतं, अभारित फक्त आहे-नाही बघतं). भारित आणि अभारित युनिफ्रॅक वेगळं सांगत असतील तर घाबरू नका. अभारितमध्ये फरक आणि भारितमध्ये नाही, याचा अर्थ फरक विरळ जिवाणूंत आहे. आणि विरळ जिवाणू हे नेमके भक्ष्यातून आणि मातीतून येणारे असतात.

पर्मानोव्हा (गटागटांतल्या अंतरांवरची अदलाबदलीची चाचणी) करताना सूत्रात क्रम महत्त्वाचा. ती करणाऱ्या अडोनिस२ या आज्ञेला घटक क्रमाने तपासायला सांगितलं तर आधी लिहिलेल्या घटकाला सामायिक श्रेय मिळतं. "जात" आधी आणि "जेवण" नंतर लिहिलं की जात फुगते. एक तर प्रत्येक घटकाचा केवळ स्वतःचा वाटा मोजणारा पर्याय निवडा, किंवा जेवण, ठिकाण, तुकडी आणि शेवटी जात असा क्रम ठेवा. जोडीला गटांचा आतला विखुरलेपणा तपासा. धामणी सर्वत्र पसरलेल्या आणि हरणटोळ एका ठिपक्यात गोळा असतील, तर पी-मूल्य छोटं येतं पण केंद्रं एकाच जागी असू शकतात. धामणीचा आहार व्यापक आहे, एवढाच कदाचित त्याचा अर्थ.

यानंतर फक्त जेवणाचा गुण ० असलेल्या सापांवर सगळं पुन्हा चालवा. नमुने घटतील, आलेख कमी देखणे होतील. जातीजातींतला फरक इथेही टिकला तर तो मांडण्याजोगा. इथे विरघळला, तर सापडला होता तो जेवणाचा फरक, आणि तसं लिहिणंही निष्कर्षच आहे. भक्ष्य आणि मातीचे नमुने घेतले असतील तर सोर्सट्रॅकरने प्रत्येक सापातला बाहेरून आलेला वाटा काढा आणि तो तक्त्यात शेजारी द्या.

जवळच्या नात्यातल्या सापांचे जिवाणूही जवळचे का, हे बघायचं तर सापांच्या वंशवृक्षातलं अंतर आणि जिवाणूंमधलं अंतर यांची मँटेल चाचणी करतात. जाती मोजक्या असतील तर इथेही गणित आडवं येतं. चार जातींच्या वृक्षाचे १५ आकार संभवतात, म्हणजे जिवाणूंच्या साम्यावरून काढलेला वृक्ष निव्वळ योगायोगाने सापांच्या वृक्षाशी तंतोतंत जुळायची शक्यता पंधरात एक. पाच जातींना आकार १०५. चार जातींवरून सहउत्क्रांतीच्या गप्पा नकोत. आणि भौगोलिक अंतर बाजूला काढल्याशिवाय तर नकोतच, कारण जवळच्या जाती बऱ्याचदा जवळजवळ राहतात.

कुठला जिवाणू कुठल्या जातीत जास्त, हे ॲन्कॉम-बीसीसारख्या, टक्केवारीचा सापळा ओळखणाऱ्या पद्धतीने तपासा. एक गट वाढला की बाकी सगळ्यांची टक्केवारी आपोआप उतरते. साधी टी-चाचणी त्या उतरलेल्यांनाही "फरक" म्हणते. १६एसवरून कार्याचे अंदाज बांधणारी साधनं रानसापांसाठी बाजूला ठेवा. ती ज्ञात जनुकसंचांच्या आधारावर चालतात, आणि सापांच्या आतड्यातल्या अनेक जिवाणूंचा त्यात जवळचा नातेवाईकही नसतो.

कच्ची वाचनं सार्वजनिक भांडारात ठेवताना जेवणाचा गुण, तुकडी क्रमांक, पकडण्याची आणि स्वॅबची वेळ, आणि कोऱ्या नळ्यांची वाचनंही जोडा. कोऱ्या नळ्या नसलेला संच दुसऱ्या कुणाला पुन्हा वापरता येत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश मात्र दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत द्या, म्हणजे साधारण दहा किलोमीटरचा पल्ला झाकला जातो. मांडुळासारख्या तस्करीत सापडणाऱ्या जातींचे अचूक ठिकाण फक्त परवाना देणाऱ्या खात्याकडे असू द्या.